मानसशास्त्रात एम.ए. : लेखी परीक्षेपलीकडच्या अटी

दोन वर्षे व्याख्याने ऐकायची, परीक्षा द्यायची आणि मग समुपदेशन केंद्राची पाटी लावायची, अशी मानसशास्त्रातील एम.ए.विषयी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात लेखी परीक्षा हा या पदवीचा केवळ एक भाग आहे. प्रात्यक्षिके, क्षेत्रकार्य आणि संशोधन प्रकल्प पूर्ण झाल्याखेरीज पदवी हाती पडत नाही. ती पडल्यावरही रुग्णांवर उपचार करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वीच या अटी समजून घेणे हिताचे ठरते.

श्रेयांकांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांनी २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फेररचना केली. तीन वर्षांच्या पदवीनंतरचे एम.ए. चार सत्रांचे व ८८ श्रेयांकांचे असते. प्रत्येक सत्रात २२ श्रेयांक मिळवायचे असतात. सैद्धांतिक विषयाच्या एका श्रेयांकासाठी १५ तासांचे, तर प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकासाठी ३० तासांचे काम अपेक्षित असते. संशोधनपद्धतीचा विषय चार श्रेयांकांचा आहे. याखेरीज पहिल्या वर्षी कार्यानुभव किंवा क्षेत्रप्रकल्पाला चार, तिसऱ्या सत्रातील संशोधन प्रकल्पाला चार आणि चौथ्या सत्रातील प्रकल्पाला सहा श्रेयांक आहेत. म्हणजेच १४ श्रेयांक वर्गाबाहेरच्या कामावर अवलंबून असतात. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबविणाऱ्यास पदव्युत्तर पदविका मिळू शकते.

सैद्धांतिक विषयांत बोधात्मक मानसशास्त्र, व्यक्तिमत्त्वाच्या उपपत्ती, मानसमापन यांचा समावेश असतो. पुढे चिकित्सा, समुपदेशन, औद्योगिक अशा शाखा निवडता येतात. कला शाखेतून आलेल्यांची खरी कसोटी लागते ती संख्याशास्त्रात. हा विषय टाळून एम.ए. पूर्ण करता येत नाही.

चाचणी घेणे हे कौशल्य

प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्याला मानसशास्त्रीय चाचण्या स्वतः घ्याव्या लागतात. सूचना देणे, वेळ मोजणे, गुणदान करणे, प्रमाणकांशी तुलना करणे आणि अहवाल लिहिणे असा हा क्रम असतो. परक्या समाजासाठी बनविलेली चाचणी येथे जशीच्या तशी चालत नाही, हे विद्यार्थ्याला उमगते ते याच टप्प्यावर. म्हणूनच डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने चाचणीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले. ती चाचणी आजही बिने-कामत या नावाने ओळखली जाते.

संशोधन प्रकल्पाच्या पायऱ्या

प्रकल्पासाठी विषय व मार्गदर्शक निश्चित करणे, आराखडा मंजूर करून घेणे, माहिती गोळा करणे, तिचे विश्लेषण करणे व शेवटी मौखिक परीक्षेला सामोरे जाणे हे टप्पे असतात. सहभागी व्यक्तींची लेखी संमती आवश्यक असते. ते अल्पवयीन असल्यास पालकांची, आणि शाळेत काम करायचे असल्यास शाळेचीही परवानगी लागते. या परवानग्यांत बराच वेळ जातो. त्यामुळे विषय लवकर ठरविणारा विद्यार्थी निर्धास्त राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार लेखनातील साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास कारवाई होत नाही. ते १० ते ४० टक्के आढळल्यास सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते.

पदवी आणि अधिकार

सर्वाधिक गैरसमज येथेच आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार केवळ मानसशास्त्रातील एम.ए. झालेली व्यक्ती 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' ठरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली, चिकित्सा मानसशास्त्रातील अर्हता लागते. आजवर हा मार्ग प्रामुख्याने दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मधून जात असे. आयोगाने एम.फिल. बंद केल्यानंतर चिकित्सा मानसशास्त्रातील एम.फिल.ला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ देण्यात आली. परिषदेने चिकित्सा मानसशास्त्राचे स्वतंत्र एम.ए. व सायडी हे अभ्यासक्रमही आखले आहेत. नावात साम्य असले तरी सर्वसाधारण एम.ए. व परिषदमान्य एम.ए. यांत मोठे अंतर आहे. अध्यापनाकडे वळणाऱ्यांना मात्र नेट किंवा सेट परीक्षेची तयारी करावी लागेल.

दूरस्थ शिक्षणाचा पर्यायही आता उरलेला नाही. मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रमांना दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असे आयोगाने २०२५ मध्ये विद्यापीठांना कळविले. नोकरी सांभाळून एम.ए. करू पाहणाऱ्यांना त्याचा फटका बसला आहे.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात : अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे काय, प्रात्यक्षिके व कार्यानुभव कोणत्या संस्थेत होतात, आणि चिकित्सेच्या क्षेत्रात जायचे असल्यास परिषदेची मान्यता आहे काय. माहितीपुस्तिकेतील शाखेच्या आकर्षक नावापेक्षा या तीन उत्तरांवर पुढची वाटचाल अवलंबून असते.