१६७ माणसांची राजधानी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

राजधानी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक गोष्टी येतात. तट, बुरूज, वेशी, राजवाडा, नगारखाना. रायगड पाहिलेल्या माणसाला तर राजधानी म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. असल्या अपेक्षा घेऊन आइसलँडच्या राजधानीत, म्हणजे रेक्याविकमध्ये जो उतरेल, तो पहिल्या दिवशी हिरमुसला होईल. ६४ अंश उत्तर अक्षांशावरचं, ध्रुववृत्ताच्या जरा अलीकडचं हे शहर. वस्ती सुमारे १ लाख ४० हजार. तट नाही, वेस नाही. राजवाडाही नाही, कारण राजा इथे कधी राहिलाच नाही. पन्हळी पत्र्यानं मढवलेली लाल, निळी, हिरवी घरं, झाडं बेताची आणि वारा मात्र भरपूर. मी जूनमध्ये गेलो होतो. रात्री बारा वाजता खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड असायचा.

प्रवासी कंपन्यांचं सगळं लक्ष गावाबाहेर. धबधबे, हिमनद्या, गरम पाण्याचे फवारे. राजधानीसाठी कार्यक्रमात अर्धा दिवस ठेवलेला. इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे मी मात्र चार दिवस या जुन्या गावातच पायी हिंडलो. त्या चार दिवसांत जे समजलं, त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगायचं आहे.

गावाच्या जन्माची कथा अशी. नॉर्वेतून निघालेला इंगोल्फुर आर्नारसन या किनाऱ्याजवळ आला. त्यानं आपल्या मानाच्या आसनाचे लाकडी खांब समुद्रात टाकले आणि जिथे ते किनाऱ्याला लागतील तिथे घर बांधीन, असा पण केला. दोन गुलाम काही वर्षं किनारा धुंडाळत होते. शेवटी खांब सापडले ते या खडकाळ भूशिरावर. त्यांतला एक, कार्ली, चांगलाच वैतागला. इतकी सुपीक जमीन मागे टाकून या उजाड टोकाला राहायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. जवळच्या गरम झऱ्यांची वाफ उठताना दिसली म्हणून जागेला नाव पडलं रेक्याविक, म्हणजे धुराची खाडी. परंपरेनं साल दिलं आहे ८७४.

कथा म्हणून आपण हे सोडून दिलं असतं. पण २००१ मध्ये आदलस्त्रायती या गावातल्या सर्वांत जुन्या रस्त्यावर हॉटेलसाठी पाया खणताना एका लांबोळक्या घराचे अवशेष लागले. त्याच्या शेजारच्या भिंतीचा एक तुकडा ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली होता. हीच राख ग्रीनलंडच्या बर्फातही सापडते आणि बर्फाचे थर मोजून तिचं साल काढता येतं. ते निघालं ८७१, दोन वर्षं इकडे किंवा तिकडे. हॉटेल झालं, पण अवशेष जागच्या जागी ठेवून तळघरात संग्रहालय केलं. २००६ मध्ये ते उघडलं तेव्हा त्याचं नावच होतं '८७१ अधिक-उणे दोन'. संग्रहालयाच्या पाटीवर आपली अनिश्चितता इतक्या प्रांजळपणे लिहिलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

यानंतरची नऊशे वर्षं मात्र इथे गाव असं नव्हतंच. एक शेतवाडी होती, एवढंच. देशाची लोकसभा, आल्थिंग, ९३० पासून भरायची ती थिंगवेलिरच्या उघड्या माळावर. बिशपची गादी होती स्कालहोल्टला. पुढे देश आधी नॉर्वेच्या आणि मग डेन्मार्कच्या राजाकडे गेला. १६०२ मध्ये डेन्मार्कच्या चौथ्या ख्रिश्चन राजानं फर्मान काढलं, की आइसलँडच्या लोकांनी व्यापार करायचा तो फक्त परवानाधारक डॅनिश व्यापाऱ्यांशीच. मासळी आणि लोकर त्यांनाच विकायची, धान्य त्यांच्याकडूनच घ्यायचं, तेही ठरवून दिलेल्या भावानं. याच राजाच्या कारकिर्दीत डेन्मार्कनं आपल्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, तरंगंबडीला, १६२० मध्ये ठाणं घातलं. योन ओलाफसन नावाचा एक आइसलँडी गडी डॅनिश चाकरीत तोफची म्हणून त्या किल्ल्यात येऊन राहिला, दारूच्या स्फोटात जखमी झाला आणि परत जाऊन म्हातारपणी त्यानं आपली आठवणींची वही लिहिली. आजही त्याला 'हिंदुस्थानचा प्रवासी' म्हणूनच ओळखतात.

मक्तेदारीनं देश पिचला होता. त्यावर पहिला उपाय काढला स्कूली माग्नुसन या माणसानं. राजाचा खजिनदार या पदावर बसलेला हा पहिला आइसलँडी. देशातली लोकर देशातच विणली तर चार पैसे इथे राहतील, हा त्याचा साधा हिशेब. १७५०च्या दशकात त्यानं आदलस्त्रायतीवर सूतकताईचे, विणकामाचे, रंगाईचे कारखाने उभे केले. डॅनिश व्यापाऱ्यांनी त्याला अखेरपर्यंत छळलं आणि कारखाने पुढे बुडालेही. पण शेतवाडीच्या जागी रस्ता आला, घरं आली, मजूर आले. त्या काळातलं १७६२चं एक घर अजून उभं आहे. काळसर लाकडाचं, बुटकं. शंभर माणसांपैकी नव्वद त्याच्यासमोरून न थांबता जातात.

आणि मग आलं १७८३ साल. आपल्याकडे सालबाईचा तह नुकताच झाला होता, पुण्यात नाना फडणविसांचा कारभार चालू होता. ८ जून रोजी आइसलँडच्या दक्षिणेला लाकी इथे जमिनीला लांबच लांब भेग पडली. पुढचे आठ महिने त्या भेगेतून लाव्हा आणि विषारी वायू बाहेर पडत राहिले. गवतावर फ्लोरीनचं विष बसलं. ते खाऊन निम्म्याहून अधिक गुरं मेली. मेंढ्या तर पाचांतल्या चार गेल्या. त्यामागून दुष्काळ आला आणि सुमारे ५० हजारांच्या देशात पाचातला एक माणूस दगावला. त्या वर्षी आफ्रिकेतला आणि भारतातला मान्सून दुबळा पडण्याशीही काही हवामानशास्त्रज्ञांनी लाकीचा संबंध जोडला आहे. भर म्हणून १७८४च्या ऑगस्टमध्ये भूकंप झाले आणि स्कालहोल्टची बिशपची गादी जमीनदोस्त झाली. उरलेल्यांपैकी काहींना डेन्मार्कमध्ये नेऊन वसवावं, असाही विचार कोपनहेगनमध्ये झाला.

माणसं हलवली गेली नाहीत. बदलली ती व्यवस्था. मक्तेदारी मोडीत काढायचं ठरलं आणि १८ ऑगस्ट १७८६ रोजी सहा ठिकाणांना व्यापारी शहराची सनद मिळाली. त्यांतलं एक रेक्याविक. तेव्हा इथे राहत होती १६७ माणसं. मोडलेल्या स्कालहोल्टची बिशपची गादी आणि शाळा, दोन्ही इथे आणली गेली. बाकीच्या पाच ठिकाणांची सनद पुढे एकेक करून गेली, रेक्याविकची टिकली. कोणी राजानं मुहूर्त काढून वसवलेली ही राजधानी नव्हे. एका सर्वनाशानंतर उरलेल्यांनी जिथे आसरा घेतला, ती ही जागा.

या गावात सत्तेची पहिली दगडी इमारत कुठली असेल? तुरुंग! १७७१ मध्ये पुरा झालेला तो पांढरा, बैठा तुरुंग आज पंतप्रधानांची कचेरी आहे. रस्त्यावरून जाता जाता तिच्या पायरीपर्यंत जाता येतं. १८०९च्या उन्हाळ्यात योर्गेन युर्गेनसेन नावाचा एक डॅनिश साहसी माणूस इंग्रज साबण व्यापाऱ्याच्या जहाजातून आला, त्यानं डॅनिश गव्हर्नरला अटक केली आणि आइसलँड स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. निळ्या झेंड्यावर तीन पांढरे मासे! दोन महिन्यांत इंग्रजांनीच त्याचा खेळ आटोपला. लोक त्याची आठवण हसत काढतात. पण डेन्मार्कशिवाय राहता येतं, हा विचार पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला तो तेव्हा.

खरा लढा नंतरचा, आणि तो रक्ताशिवाय झाला. १८०० मध्ये बंद पडलेली आल्थिंग १८४५ मध्ये रेक्याविकमध्ये पुन्हा भरली. योगायोग असा, की त्याच वर्षी डेन्मार्कनं तरंगंबडी इंग्रजांना विकून टाकली. १८५१ मध्ये इथल्या शाळेच्या दिवाणखान्यात भरलेली राष्ट्रसभा डॅनिश अधिकाऱ्यानं मध्येच बरखास्त केली, तेव्हा योन सिगुर्दसन उठला आणि त्यानं निषेध नोंदवला. बाकीचे सभासदही त्याच्या पाठोपाठ उभे राहिले. आज संसदेसमोरच्या हिरवळीवर त्याचा पुतळा आहे. १९१८ मध्ये देश सार्वभौम झाला आणि १७ जून १९४४ ला, म्हणजे सिगुर्दसनच्या जन्मदिवशी, प्रजासत्ताक. तो सोहळा राजधानीत नव्हे, थिंगवेलिरच्या त्या जुन्या माळावर झाला.

हा सिगुर्दसन पोटासाठी काय करत होता? कोपनहेगनमध्ये जुन्या आइसलँडी हस्तलिखितांचं संपादन. ही पोथ्यांची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. वासराच्या कातड्यावर लिहिलेल्या शेकडो पोथ्या आर्नी माग्नुसन या विद्वानानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घरोघर फिरून जमवल्या आणि कोपनहेगनला नेल्या. १७२८च्या तिथल्या आगीत काही जळाल्या, बऱ्याचशा वाचल्या. स्वातंत्र्यानंतर आइसलँडनं त्या परत मागितल्या. डेन्मार्कमधल्या अनेक विद्वानांनी विरोध केला, खटले झाले. शेवटी २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश युद्धनौका पहिल्या दोन पोथ्या घेऊन रेक्याविकच्या बंदरात शिरली. धक्क्यावर हजारो लोक उभे होते. उरलेल्यांपैकी अनेक टप्प्याटप्प्यानं आल्या, शेवटची १९९७ मध्ये. एका राज्यकर्त्या देशानं आपल्या जुन्या वसाहतीला असा ठेवा राजीखुशीनं परत केल्याची उदाहरणं जगात फार नाहीत. आपल्या किती वस्तू परदेशी कपाटांत आहेत, हे ठाऊक असलेल्या माणसाला तिथे उभं राहिल्यावर काय वाटतं, हे मी सांगायला नको.

आता जरा साध्या गोष्टीकडे वळू. पर्यटक ज्या रस्त्यावर लोकरीचे स्वेटर घेतात, त्याचं नाव लोयगावेगुर, म्हणजे झऱ्यांचा रस्ता. गावातल्या बायका आणि मोलकरणी धुण्याची ओझी पाठीवर घेऊन तीनेक किलोमीटरवरच्या गरम झऱ्यांवर चालत जायच्या. हिवाळ्यात, अंधारात, बर्फातून. ओली धुणी घेऊन परत यायचं ते त्याहून जड. उकळत्या पाण्यात पाय घसरून काहींचा जीव गेला, तेव्हा कुठे झऱ्यांवर लोखंडी कमानी बसल्या. त्यांच्यासाठी तिथे आज एका धुणेवालीचं शिल्प आहे.

१९३० मध्ये याच झऱ्यांजवळचं गरम पाणी नळानं गावात आणलं. पहिलं गेलं ते मुलांच्या शाळेत. मग इस्पितळ, पोहण्याचा तलाव आणि साठ-सत्तर घरं. तोवर गावावर कोळशाच्या धुराचं सावट असायचं. आज जवळजवळ सगळं शहर जमिनीतल्या पाण्यावर उबदार राहतं. हॉटेलात नळ सोडला की गंधकाचा वास येतो. बाहेर पाच अंश तापमान असताना उघड्यावरच्या गरम कुंडात बसून लोक राजकारणावर बोलतात. आमच्या कुंडात एक आजीबाई होत्या. २४ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या दहांपैकी नऊ बायकांनी घरचं आणि दारचं काम बंद ठेवलं, त्या मोर्चात त्या होत्या. पाचच वर्षांनी विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या, लोकांनी निवडून दिलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. आजीबाई त्यांचा उल्लेख नुसता 'विग्दिस' असा करत होत्या. आइसलँडमध्ये आडनाव जवळजवळ नसतंच. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच. आपल्या पूर्ण नावातून आडनाव वगळलं की जे उरतं ते.

२००८ मध्ये या देशाच्या तीन मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. सिगुर्दसनच्या पुतळ्याभोवती लोकांनी पातेली बडवून सरकार खाली खेचलं. त्यानंतर पैसा आला तो पर्यटकांकडून. चार लाखही वस्ती नसलेल्या देशात २०१८ साली तेवीस लाख परदेशी पाहुणे आले. जुन्या गावातली घरं पाहुण्यांना भाड्यानं जाऊ लागली आणि तरुणांना भाडं परवडेनासं झालं. आपणही त्या तेवीस लाखांसारखेच एक, याचं भान ठेवून हिंडावं लागतं.

आणि जमीन अजून निवांत झालेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रेक्याविकच्या नैर्ऋत्येचं ग्रिंदाविक हे मासेमारांचं गाव एका रात्रीत रिकामं करावं लागलं. सुमारे पावणेचार हजार माणसं घराबाहेर पडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाव्हानं गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली आणि वीस हजारांहून अधिक लोकांची घरं ऐन थंडीत गार पडली. कामगारांनी काही दिवसांत नवी वाहिनी जोडली. इथे राहता येईल का, हा प्रश्न १७८४ साली होता, तो आजही आहे. दर वेळी उत्तर मिळालं ते घोषणेतून नव्हे, कामातून. कधी कारखाना काढून, कधी शाळा उघडून, कधी नळ जोडून.

तेव्हा मंडळी, कधी तिकडे जाणं झालं तर धबधबे जरूर पाहा. पण एक सकाळ राखून ठेवा आणि आदलस्त्रायतीवर ते १७६२चं बुटकं घर शोधा. तट-बुरूज नसलेली राजधानी कशावर उभी असते, ते तिथे दिसतं.