एक किल्ली, दोन कुलपं

गेल्या पावसाळ्यात दापोलीजवळच्या एका मित्राच्या शेततळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडायला गेलो होतो. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ दिलं, मगच तोंडं सोडली. तरी दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटं दिसलीच.

"मास्तर, पाणी चांगलं, बीज चांगलं, मग मेली कशानं?"

"प्रवासाचा ताण," मी म्हणालो.

"माशाला कसला आलाय ताण?" असं म्हणून तो हसला. तेव्हा नीट देता न आलेलं उत्तर आज देतो.

ताणाची शास्त्रीय गोष्ट १९३६ मध्ये सुरू झाली. माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटंसं पत्र लिहिलं. उंदराला थंडी वाजू द्या, जखम करा, नाहीतर औषधाची जबर मात्रा द्या. संकट कोणतंही असो, मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी मोठी होते. माणसात या ग्रंथीतून कॉर्टिसॉल हा संप्रेरक स्रवतो. माशाला अशी वेगळी ग्रंथी नाही. त्याच्या मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातल्या पेशी तोच कॉर्टिसॉल तयार करतात. तो काही तासांत ओसरला तर जीव वाचवतो, दिवसचे दिवस चढलेला राहिला तर स्नायू झिजवतो आणि रोगाला दार उघडून देतो.

पण संप्रेरक म्हणजे नुसती किल्ली. ती फिरायला पेशीत कुलूप हवं. १९८५ मध्ये अमेरिकेत रॉनल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेनं कॉर्टिसॉलच्या कुलपाचा माणसातला जनुक उलगडला. आपण त्याला साखरेचं कुलूप म्हणू. १९८७ मध्ये त्याच प्रयोगशाळेला दुसरं सापडलं, मिठाचं. त्याची किल्ली अल्डोस्टेरॉन, पण कॉर्टिसॉलही त्यात चपखल बसतो! पुढे २००६ मध्ये जो थॉर्नटन यांच्या गटानं दाखवलं की ही दोन्ही कुलपं ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच मूळ कुलपापासून झालेली आहेत. सख्खे भाऊच म्हणा ना.

मग एक भाऊ गेला तर दुसरा घर चालवतो का? उंदरात तरी नाही. साखरेचं कुलूप नसलेली पिल्लं जन्मताच श्वासाअभावी दगावतात, हे १९९५ मध्ये दिसलं. मिठाचं नसलेली शरीरातलं मीठ वाहून गेल्यानं दहाएक दिवसांत जातात, हे १९९८ मध्ये.

माशाची गंमत अशी की त्याच्याकडे अल्डोस्टेरॉनच नाही. अंजर्ल्याच्या खाडीत पावसात पाणी गोडं होतं, उन्हाळ्यात खारट. तिथल्या माशाला अंगातलं मीठ सांभाळावंच लागतं. ते काम कॉर्टिसॉल बहुतांशी साखरेच्या कुलपातूनच करून घेतो. मग मिठाचं कुलूप निसर्गानं कोट्यवधी वर्षं जपलं कशाला?

कॅनडातल्या कॅलगरीत एरिन फॉट आणि माथिलकथ विजयन यांनी याचा छडा झेब्रा माशावर लावला. हा बोटाएवढा पट्टेरी मासा आपलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. बहुतेक हाडाळ माशांत साखरेची कुलपं दोन असतात, याच्यात एकच. त्यामुळे प्रयोग सुटसुटीत झाला.

एका गटातून त्यांनी साखरेचं कुलूप काढलं, दुसऱ्यातून मिठाचं. मासे जगले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. साखरेचं कुलूप नसलेल्या पिल्लांत कॉर्टिसॉल कायमच चढलेला, संकट आलं तरी आणखी वाढेना. मिठाचं नसलेल्यांत तो उशिरा चढला आणि लवकर उतरेना. म्हणजे ताण वेळेवर चढवायला आणि उतरवायला दोघं लागतात. मोठ्या माशांची हकिगत तर आणखी मजेची. साखरेचं कुलूप गेलेले मासे चक्क वजनदार निघाले, अंगात प्रथिनं आणि चरबी जास्त. उरलेल्या कुलपात ती जादा किल्ली फिरत राहते आणि चरबी साठते. पण धक्का बसल्यावर रक्तातली साखर वाढायला हवी, ती काही वाढली नाही. धाकट्यानं थोरल्याचं थोडं काम उचललं, सगळं नाही.

हे मी मित्राला सांगितलं. रोहू म्हणजे झेब्रा मासा नव्हे, भाऊबंदकीतला खरा, हेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "म्हणजे जाळ्यातून पिशवीत आणि पिशवीतून तळ्यात, दोन धक्के लागोपाठ. पहिला उतरायच्या आत दुसरा."

यंदा त्यानं बीज पहाटेच्या गारव्यात आणलं आणि थेट मोकळ्या तळ्यात न सोडता आधी दोन दिवस तळ्यातच बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. मेलेली त्यानं मोजली होती. तेरा.