सेकंडहँड मोटार आणि आपला मध्यमवर्ग

एखाद्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण संस्था, सभा, नाटके आणि गणेशोत्सव यांची नोंद अगत्याने करतो. परंतु त्या समाजाने आपली शिल्लक कशावर आणि किती विचारांती खर्च केली, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. जबलपूरच्या मराठी कुटुंबांपुरते बोलावयाचे तर घर, मुलांचे शिक्षण आणि लग्नकार्य यांच्या खालोखाल मोठा खर्च मोटारीचा. आणि पुष्कळ घरांत आलेली पहिली मोटार ही कोणीतरी आधी वापरलेलीच होती. या सेकंडहँड मोटारीचा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे. तिची निवड कशी करावी, हा आजच्या तरुण गृहस्थालाही पडणारा प्रश्न त्या मागोव्यातूनच उलगडतो.

जबलपूर हे वाहने घडविणारे शहर आहे. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ ट्रकची बांधणी येथेच १९५९ च्या सुमारास सुरू झाली. पुढे १९६९ मध्ये वाहनांसाठी स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि निसानच्या नमुन्यावरील ‘जोंगा’ गाडी लष्कराला मिळू लागली. ‘जोंगा’ या नावातले पहिले अक्षरच जबलपूरचे आहे. परंतु हिमालयाच्या घाटांत चढणारे ट्रक ज्या शहरात तयार होत, त्या शहरातील गृहस्थाला लहान मोटारीसाठी मात्र कुर्ला, उत्तरपाडा किंवा मद्रासकडे डोळे लावून बसावे लागे.

जोंगाचे उदाहरण आपल्या विषयात फार बोधप्रद आहे. लष्करातून निकाली निघालेल्या जोंगा लिलावाच्या मार्गाने नागरिकांकडे आल्या. गाडी दणकट, पत्रा जाड आणि लिलावातील बोली आटोक्यातली. परंतु तिचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन जवळजवळ चार लिटरचे! शिकारीच्या हौसेला किंवा शेतावर जाण्याला ती ठीक. राँझीहून रोज कचेरीत येणाऱ्या पगारदाराला ती पोसणे कठीण. स्वस्त गाडी आणि परवडणारी गाडी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा सेकंडहँड मोटारीच्या बाजारातला पहिला धडा होय.

त्या काळी निवडीला वावच थोडा होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची फियाट, हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसॅडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, एवढीच काय ती नावे. त्यांतही मागणी फार आणि उत्पादन थोडे. म्हणून सरकारने १९५९ साली मोटारींच्या वाटप व विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम काढला. गिऱ्हाइकाने विक्रेत्याकडे नाव नोंदवावे, आपला क्रमांक येईतो थांबावे आणि मिळालेली गाडी परवानगीवाचून दोन वर्षे विकू नये, अशी व्यवस्था होती. वशिल्याने अथवा नशिबाने गाडी मिळालेल्याने ती लगेच बाजारात नेऊन नफा करू नये, हा त्यामागील हेतू. कारण नियंत्रित किमतीच्या नव्या गाडीपेक्षा हाती असलेली, थोडीशीच वापरलेली गाडी बाजारात महाग पडे! अर्थशास्त्राच्या पुस्तकांत उलटी वाटणारी ही स्थिती टंचाईच्या त्या दिवसांत अगदी स्वाभाविक होती. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची फियाट ही १४८९ च्या ॲम्बॅसॅडरपुढे शहाणपणाची निवड ठरू लागली. ॲम्बॅसॅडरच्या बाजूने मात्र तिची ऐसपैस बैठक असे.

लहान व स्वस्त मोटार देशातच व्हावी, ही आकांक्षाही जुनीच. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून ‘मीरा’ या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने बांधले. परंतु मीरा कारखान्यातून घरोघर पोहोचली नाही. ते काम अखेर ‘मारुती ८००’ ने केले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते देण्यात आली. गाडीचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे आणि किंमत पन्नास हजारांच्या आसपास. प्रारंभी तिच्यासाठीही रांगा लागल्या. परंतु त्या पहिल्या गाड्या जसजशा बाजारात परत येऊ लागल्या, तसतसा सेकंडहँड मोटारीचा अर्थच बदलला. जुनी फियाट घेणे म्हणजे मिस्त्रीशी सोयरीक जोडणे होते. जुनी मारुती घेतली तर सोयरीक न जोडताही चालत असे. १९९३ साली मोटार उद्योग परवानामुक्त झाला, १९९८ मध्ये सँट्रो व इंडिका आल्या आणि प्रश्न ‘मिळेल का?’ हा न राहता ‘कोणती घ्यावी?’ असा झाला.

परगावी वसलेल्या आपल्या मंडळींना मोटारीची ओढ अधिक होती, याला भूगोल कारण आहे. नागपूरला ब्रॉडगेजने जावयाचे तर इटारसीचा वळसा पडे. नैनपूरमार्गे गोंदियाकडे जाणारी नॅरोगेज गाडी रमतगमत जाई. ती नॅरोगेज २०१५ साली जबलपुरातून बंद झाली आणि तिच्या जागी आता ब्रॉडगेज आली आहे. शिवनीवरून जाणारी सडक मात्र सरळ, सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांची. आजारी आईला भेटावयास जाणे असो की भाच्याच्या मुंजीस जाणे असो, दाराशी गाडी असली म्हणजे माहेर-सासर एका दिवसाच्या टप्प्यात येई.

याच नात्यागोत्यांतून एक नवी अडचणही उद्भवली. नागपूरच्या मेहुण्याची एम.एच. ३१ ची गाडी जबलपुरात आणली, घरचीच म्हणून कागद तसेच ठेवले, असे प्रकार आपल्यात विरळा नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीस तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे नागपूरचा ना-हरकत दाखला आणावयाचा, मध्य प्रदेशाचा कर भरावयाचा आणि मग एम.पी. २० ही पाटी लावावयाची. हा खर्च व्यवहार ठरवितानाच किमतीत धरला पाहिजे. नाव बदलण्यातील ढिलाई तर याहून घातक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी विकून मोकळे झालो असे मानणाऱ्या निवृत्त गृहस्थाची आयुष्यभराची पुंजी एका न पाहिलेल्या अपघाताने धोक्यात येऊ शकते. आपल्या लोकांच्या भिडस्त स्वभावाला हे सांगणे अगत्याचे वाटते.

सरकारी सेवकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील अठराव्या नियमान्वये ठरावीक रकमेवरील जंगम मालमत्तेच्या व्यवहाराची माहिती खात्याला द्यावी लागते. जुनी मोटार त्याला अपवाद नाही. मोटारीसाठी मिळणारे अग्रिम सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली बंद झाले, तेव्हा आता घरची शिल्लक किंवा बँकेचे कर्ज हाच मार्ग उरला आहे.

एवढ्या इतिहासातून निवडीचे जे निकष हाती येतात, ते थोडक्यात असे. पहिला निकष रोजच्या वापराचा. शहरात दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्यास लहान पेट्रोल गाडी पुरते. दुसरा सुट्या भागांचा. ॲम्बॅसॅडर व मारुती ८०० या दोहोंचे उत्पादन २०१४ साली थांबले. बंद पडलेली गाडी घेताना तिचे भाग गावात मिळतात की नाही, हे आधी पाहावे. तिसरा वयाचा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे ती नव्याने करून घेण्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या गाडीची कमी किंमत ही केवळ वरवरची कमी असते.

चौथा निकष परीक्षेचा. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून पाहावे. निळसर धूर निघाला तर आत तेल जळते आहे, असे समजावे. पायाखालचे रबर उचलून, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीतील स्टेपनीची जागा गंजासाठी तपासावी. टायरवरील चार अंकांत बनावटीचा आठवडा व वर्ष दिलेले असते. त्यावरून टायर गाडीइतकेच जुने आहेत काय, हे कळते. चेसिस व इंजिन यांचे क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावेत, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी, थकलेले दंड पाहावेत आणि विम्याचे हस्तांतर चौदा दिवसांत मागावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, विकणाऱ्याचा नव्हे, आपला स्वतःचा मिस्त्री बरोबर न्यावा. ठरलेल्या किमतीचा काही भाग पहिल्या वर्षीच्या टायर-बॅटरीसाठी राखून ठेवावा, तो किमतीचाच अंश समजावा.

पूर्वीच्या पिढीपाशी निवड थोडी होती. म्हणून हाती आलेली गाडी तिने जपून, हिशेबाने वापरली. पेट्रोल किती घातले, तेल केव्हा बदलले, नागपूरच्या फेरीस किती खर्च आला, हे वहीत लिहून ठेवण्याची अनेक घरांत रीत होती. अशी वही गाडीसोबत देणारा विक्रेता आजही भेटला, तर दोन-चार हजार अधिक गेले तरी त्याचीच गाडी घ्यावी. आणि ज्यांच्या कपाटांत अशा वह्या अजून असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता मंडळाच्या ग्रंथालयास द्याव्यात, ही विनंती. आपण या शहरात कसे राहिलो, हे पुढच्या पिढीला त्यांतून अधिक खरेपणाने कळेल.