पडदा आपला, चित्रं अमेरिकेची

ऑक्टोबर १९२७ मध्ये हिंदुस्थान सरकारने सिनेमाच्या धंद्याची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते मद्रासचे नामांकित वकील दिवाणबहादूर टी. रंगाचारियार. समितीने ४,३२५ प्रश्नावल्या वाटल्या, गावोगाव फिरून ३५३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि १९२८ साली अहवाल सादर केला. त्या जबान्यांचे जाडजूड खंड मी वितरणाचा धंदा मुलाच्या हाती सोपवल्यावर सवडीने वाचले. परदेशी चित्रपटांपासून आपल्या चित्रपटांना वाचवायचं कसं, हा वाद मी लॅमिंग्टन रोडवरच्या कचेऱ्यांत उभी हयात ऐकला. त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा या खंडांत आधीच मांडलेला आहे.

तेव्हा देशात जेमतेम ३०० चित्रपटगृहं होती. १९२६-२७ साली दाखवलेल्या चित्रपटांपैकी सुमारे ८५ टक्के परदेशी होते आणि त्यातले बहुतेक अमेरिकन. चॅप्लिन, एडी पोलो, डग्लस फेअरबँक्स ही नावं इथल्या पोराटोरांच्या तोंडी होती. फेअरबँक्सचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ तर देशभर तुफान चालला.

सरकारची काळजी वेगळी होती. अमेरिकन चित्रपटांतल्या दारूबाजीमुळे आणि प्रेमप्रसंगांमुळे गोऱ्या माणसाची, विशेषतः गोऱ्या बाईची, नेटिवांच्या नजरेतली पत घसरते अशी ओरड होती. शिवाय पडद्यावर ज्या देशाचं चित्र, बाजारात त्याच देशाचा माल, हेही लंडनला कळून चुकलं होतं. १९२७ साली ब्रिटनने आपल्या चित्रपटांसाठी कोट्याचा कायदा केला. हिंदुस्थानातल्या पडद्यांवरही ‘साम्राज्यातल्या’ चित्रपटांना, म्हणजे मुख्यतः ब्रिटिश चित्रपटांना, राखीव जागा मिळावी हा या चौकशीमागचा एक हेतू होता.

अमेरिकन चित्रपट इतके का पसरले, याचं उत्तर वितरकाला लगेच कळतं. त्या चित्रपटाचा खर्च अमेरिकेतल्या हजारो थिएटरांत आधीच वसूल झालेला असे. इथे आलेली प्रिंट जे भाडं आणेल तो निव्वळ वरकमाईचा पैसा. त्यामुळे कंपनीला भाडं हवं तितकं खाली आणता येई. इथल्या निर्मात्याचं उलट होतं. मूठभर प्रिंटांवर आणि थोड्याशा थिएटरांवर त्याला सगळं भांडवल वसूल करायचं, म्हणून त्याचं भाडं चढं. माझे वडील सातारा भागात तंबू टॉकीज चालवायचे. यात्रेच्या हंगामात नवा मराठी चित्रपट लावायचा तर वितरकाला आगाऊ रक्कम मोजावी लागे. एरवीच्या आडदिवशी जुना इंग्रजी मारधाडपट ठोक भाड्यात मिळे. रिळं घासलेली, चार ठिकाणी जोडलेली, पण घोडे आणि तलवारी दिसायच्या. मराठी चित्रपटाला गर्दी जास्त होई, तरी वडील वर्षातले बरेच दिवस इंग्रजीच लावत. देशप्रेम त्यांच्याकडे कमी नव्हतं. तंबूचं भाडं, जनरेटरचं तेल आणि माणसांचे पगार रोज भागवायचे होते. १९२७ सालचे थिएटरवालेही याच पेचात होते. देशी चित्रपट जास्त धंदा करतो हे समितीच्या नजरेला आलंच होतं. पण वर्षभर पडदा चालवायला पुरतील इतके देशी चित्रपट होते कुठे?

ते का नव्हते हे समजायला दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरात डोकवावं. १९१२ साली विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व छिद्रं पाडण्याचं यंत्र घेऊन आले. कच्ची फिल्म परदेशातून यायची, तीही कडेच्या छिद्रांशिवाय. रात्री अंधाऱ्या खोलीत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई हाताने यंत्र फिरवून फूट-फूट फिल्मला छिद्रं पाडत. फिल्म धुण्याचं कामही त्यांच्याकडे, आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होताच. त्यांचे दागिने या धंद्यात गेले. तेव्हा कुठे ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके उभे राहिले. हॉलिवूडची कंपनी बँकेच्या पैशावर उभी होती आणि आपला पहिला चित्रपट एका गृहिणीच्या दागिन्यांवर. खरी विषमता ही होती. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांना तर कॅमेरासुद्धा स्वतःच्या कारखान्यात घडवावा लागला.

फाळकेही रंगाचारियार समितीपुढे जबानीला आले होते. तोवर त्यांनी धंद्याचे सगळे उन्हाळे-पावसाळे पाहिले होते. चित्रपटाचं रीतसर शिक्षण देणारी शाळा या देशात हवी, असा त्यांचा आग्रह होता. ज्या माणसाने सगळं आपल्या हाताने शिकून घेतलं, त्याने पुढच्यांसाठी शाळा मागावी, हे मला फार मोठं वाटतं.

समितीचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. रंगाचारियार, पुण्याचे इब्राहिम हारून जाफर आणि बंगालचे के. सी. नियोगी या तिन्ही हिंदी सभासदांनी ब्रिटिश चित्रपटांना झुकतं माप द्यायला नकार दिला. अमेरिकन चित्रपटांचा मारा देशाला घातक असेल, तर दुसऱ्या कुठल्या पाश्चात्त्य देशाच्या चित्रपटांचा मारा तितकाच घातक ठरेल, असं त्यांचं साधं, सरळ म्हणणं. संरक्षण द्यायचंच तर ते हिंदी चित्रपटाला, म्हणजे हिंदुस्थानात तयार झालेल्या चित्रपटाला. त्यासाठी कच्च्या फिल्मवरची जकात उठवा, निर्मात्यांना कर्ज द्या, शिक्षणाची सोय करा, थिएटरांत देशी चित्रपटांचा वाटा ठरवून द्या, आणि हे सगळं पाहायला एक मध्यवर्ती खातं उभारा. तीन युरोपीय सभासदांनी आपलं वेगळं मत नोंदवलं. सरकारने अहवाल बासनात गुंडाळून ठेवला.

पुढे बचाव झाला तो अनपेक्षित बाजूने. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलला, आणि १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’तून मराठी बोलली. मुक्या चित्रपटाला भाषेची अडचण नव्हती. शीर्षकं बदलली की काम भागे. बोलपट येताच इंग्रजी न समजणारा प्रेक्षक परदेशी चित्रपटांपासून दूर झाला. चार वर्षांत ‘संत तुकाराम’ आला आणि १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. पण हे नुसतं भाषेने झालं म्हणणं अन्यायाचं होईल. दामले, फत्तेलाल, शांतारामबापू, धायबर ही प्रभातची मंडळी पेंटरांच्या कोल्हापुरातल्या कंपनीत वर्षानुवर्षं राबून तयार झाली होती. संधी आली तेव्हा ती घ्यायला शिकलेले हात हजर होते.

समितीने सुचवलेल्या गोष्टी स्वतंत्र भारताला कराव्याच लागल्या. १९५१ च्या स. का. पाटील समितीने पुन्हा कर्जाचा आणि शिक्षणाचा आग्रह धरला. १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं आणि पुण्यात प्रभातच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली. फाळक्यांना जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

आज मल्टिप्लेक्समध्ये एखादा अमेरिकन सुपरहिरोपट आला की सगळे चांगले शो तोच घेतो. मराठीला सकाळी नऊचा नाही तर दुपारचा आडवेळेचा खेळ मिळतो. २०१५ साली राज्य सरकारने मराठीला प्राइम टाइम देण्याचा हुकूम काढला तेव्हा मी त्याचं स्वागत केलं, आजही करतो. बाजारात पैसेवाल्याचाच आवाज मोठा असतो, तिथे दुबळ्याला हक्काची जागा कायद्यानेच मिळते. मात्र धंद्यातल्या अनुभवाने एक सांगतो. नुसत्या शोच्या वाट्यावर चित्रपटसृष्टी जगत नाही. हक्काचा शो मिळाला आणि पोस्टर लावायलाच पैसे नसले, तर शुक्रवारी रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि सोमवारी थिएटरवाला खेळ उतरवतो. त्याला दोष देता येत नाही.

म्हणून रंगाचारियारांच्या यादीतली एखादीच गोष्ट उचलून चालणार नाही. भांडवल, शिक्षण आणि पडदा ही तिन्ही कामं एकाच वेळी हाती घ्यावी लागतील. तालुक्याच्या गावी कमी दरात चालणारी छोटी थिएटरं, पहिल्या चित्रपटासाठी कमी व्याजाचं कर्ज, आणि प्रदर्शनाच्या खर्चाला अनुदान, एवढं सरकारने करावं. परदेशी चित्रपट बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. फाळक्यांनाही प्रेरणा ख्रिस्ताच्या जीवनावरच्या विलायती चित्रपटातूनच मिळाली होती. मागणी एवढीच, की आपल्या माणसांना बरोबरीने उभं राहायला लागणारी साधनं द्या. ती कोणती, हे सरकारी अहवालात १९२८ सालापासून छापलेलं आहे.