‘समंजस अधिकारी’ : तळटीप

* पोलिसी बळ जोखण्याची ही कसोटी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ (१९८९) या निकालातली. १९८४मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात कृष्णवर्णीय, मधुमेही ग्रॅहम साखर उतरू लागली म्हणून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरले आणि रांग पाहून तडक बाहेर पडले. एवढ्यावरून कॉनर या पोलिसाला संशय आला. बेड्या पडल्या, पाऊल मोडले. मित्राने आणलेला रसही पोलिसांनी पिऊ दिला नाही. दुकानात काहीच घडले नव्हते. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, बळाचा वापर घटनास्थळावरच्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून जोखावा. पोलिसाच्या मनातला हेतू गैरलागू. वर्णद्वेषाचा प्रश्न इथेच दाराबाहेर राहिला, असे आमचे स्पष्ट मत आहे. फेरसुनावणीत ज्यूरीने ग्रॅहम यांच्या विरोधात कौल दिला. – संपादक