पाटणी कॉम्प्युटर : मोठी कंपनी लहान कंपनीनं कशी घेतली?

जाफराबाद : तालुक्यातली पोरं पुणे, नवी मुंबईत आयटी कंपन्यांत नोकरीला जातात. अशी कंपनीच विकली गेली तर काय होतं? मुंबईच्या पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्सची गोष्ट त्यासाठी माहीत असावी.

सुरुवात
अमेरिकेत शिकलेले नरेंद्र पाटणी यांनी १९७८ मध्ये ही कंपनी सुरू केली. गजेंद्र आणि अशोक हे भाऊ सोबत होते. नारायण मूर्ती आधी इथंच नोकरीला होते. १९८१ मध्ये ते सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि इन्फोसिस उभी राहिली. पाटणीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक कंपनी. २००४ मध्ये पाटणीचे शेअर भारतात बाजारात आले, २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये.

विक्री का रखडली?
निम्म्याहून जास्त शेअर तीन भाऊ आणि एका परदेशी गुंतवणूकदाराकडं होते. बोलणी व्हायची, मोडायची. सातबाऱ्यावर नावं जास्त असली की रानाचा सौदा लवकर होत नाही, तसंच.

सौदा
जानेवारी २०११ मध्ये आयगेट कंपनीनं सौदा जाहीर केला. रक्कम सुमारे १२२ कोटी डॉलर. आयगेट पाटणीपेक्षा लहान होती. त्यामुळं ७७ कोटी डॉलरचे रोखे ९ टक्के व्याजानं काढावे लागले. मालकांना शेअरमागं ५०३ रुपये ५० पैसे मिळाले. २०१२ मध्ये ५२० रुपये भावानं उरलेले शेअर घेऊन पाटणीचं नाव शेअर बाजारातून काढलं.

पुढं काय झालं?
मे २०१३ मध्ये आयगेटचे प्रमुख फणीश मूर्ती यांना संचालक मंडळानं पदावरून काढलं. सहकारी महिलेशी असलेले संबंध त्यांनी कंपनीला कळवले नव्हते, हे कारण दिलं गेलं. २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीनं सुमारे ४०० कोटी डॉलरला आयगेटच विकत घेतली. पाटणी हे नाव संपलं.

हे लक्षात ठेवा
– शेअर विकून मालक बदलला म्हणून नोकरी आपोआप जात नाही. पण एकाच कामाला दोन माणसं झाली की कपातीची भीती असते. नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या आणि पीएफचा यूएएन नंबर जपून ठेवा.
– बाजारातल्या कंपनीचे २५ टक्के शेअर कुणी घेतले, तर त्याला इतरांकडून आणखी किमान २६ टक्के घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते. विकायचं की नाही, हे शेअरधारकानं ठरवायचं.
– कंपनी बाजारातून निघाली की शेअर विकणं अवघड होतं. म्हणून ऑफरची मुदत चुकवू नका.