गावचा जागल्या आणि झोपेची गोळी

मलकापूरच्या बाजाराला चारजणी भेटलो की गुडघेदुखीपाठोपाठ एक गाऱ्हाणं निघतंच, “रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही गं.” मग कुणीतरी आपल्या पिशवीतली गोळी काढून देते. आज त्या गोळीचा इतिहास बघू.

आपल्या घाटावरची, कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. बाळाला सांभाळायला घरी कुणी नसे. मग कामावर जाणाऱ्या आया तान्ह्याला अफूची बाळगोळी देत. बाळ रडत नसे, पण धड पीतही नसे. काही बाळं उठलीच नाहीत. त्या आयांना आपण नावं ठेवणार नाही. त्यांच्यापुढं दुसरी वाट कुठं होती?

तिकडे जर्मनीत १९०३ साली बार्बिटल हे झोपेचं औषध बाजारात आलं. १९६३ मध्ये डायझेपाम आलं. या गोळ्या सगळ्या मेंदूलाच गुंगी आणतात. त्यांची सवय लागते आणि एकदम सोडल्या तर जास्त त्रास होतो.

पूर्वी गावात रात्री हाकारा देणारा जागल्या असे. आपल्या मेंदूतही तसा एक जागल्या आहे. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांना तो सापडला. त्याचं नाव ओरेक्सिन. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या काही कुत्र्यांचं कोडं सुटलं. आवडतं खाणं पुढं आलं की ती मटकन कोसळत. जागल्या हाक देत होता, पण ती ऐकणारे मेंदूतले कानच बिघडलेले होते.

त्यावरून नवी युक्ती सुचली. गुंगी आणण्याऐवजी जागल्याची हाक तेवढी रात्रीपुरती अडवायची. असं पहिलं औषध, सुवोरेक्सँट, अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं. तेही निर्धोक नाही. दुसऱ्या दिवशी पेंग राहू शकते. अशा वेळी गाडी चालवणं किंवा विळा-कोयता हातात धरणं धोक्याचं.

एवढं ऐकून एक गोष्ट ध्यानात घेऊ. एकीची गोळी दुसरीला द्यायची नाही. रोज घेत असाल तर मनानं बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांबरोबर झोपेचीही चौकशी करू. जागल्याला कशानं जाग येते, कर्जानं, घरच्या मारहाणीनं की आजारानं, हे एकमेकींना विचारल्याशिवाय कळणार नाही.